उजेडाची थरथर : ती मोजायची कशी?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर कामाला आणि आई कांडी मशीनवर. इचलकरंजीत अशी घरे गल्लोगल्ली आहेत, तेव्हा त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते निराळेच. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरी एक वाद सुरू झाला आणि त्याचा उलगडा करण्यासाठी माझ्यासारख्या कला शाखेच्या मुलीला विजेच्या दिव्याचा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात मला जे समजले ते वाचकांना आपल्या खोलीतला दिवा घेताना उपयोगी पडेल, असे वाटल्याने हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

अण्णा ज्या कारखान्यात काम करतात तेथे चोकच्या जुन्या ट्यूब काढून सगळीकडे एलईडी ट्यूब बसवल्या. विजेचे बिल उतरले आणि उजेड वाढला. सर्वांना आनंद झाला. आठ-दहा दिवसांनी रात्रपाळीहून आल्यावर अण्णा म्हणाले, "उजेड हालतोय गं पोरी. एका धोट्याचं धा-धा धोटं दिसत्यात. डोकं उठतंय."

जॉबरला सांगितले तर तो हसला. मालकांनी आपुलकीनेच सल्ला दिला, "डोळे तपासून घ्या, वय झालं." डोळे तपासले, चष्मा आला, पैसे गेले. डोकेदुखी मात्र राहिली. महिन्यात दोन-तीन खाडे होऊ लागले. धागा तुटल्याचे वेळेवर दिसत नसे, त्यामुळे कापडात खोट राही आणि मजुरीतून पैसे कापले जात. एका रात्री आई-अण्णांचे हलक्या आवाजातले बोलणे माझ्या कानावर पडले. त्यात माझ्या पुढच्या वर्षाच्या फीचा विषय होता.

आता माझी चूक सांगते. अण्णांचा डबा द्यायला मी कारखान्यात गेले होते. मान वर करून ट्यूबकडे नीट पाहिले. उजेड पांढराशुभ्र आणि अगदी स्थिर होता. त्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या तासाला संवेदन, भ्रम आणि भास हे प्रकरण झाले होते. नव्या विद्येचा तोरा अंगात होता. मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, दिवा हलत नाही. तुम्हाला भास होतोय." ते काही बोलले नाहीत. तो भास नव्हता, हे कळायला मला दोन महिने लागले.

दिवा खरोखर थरथरतो का?

माझा आतेभाऊ पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हा तो हसला नाही. त्याने पहिलाच प्रश्न केला, "ट्यूबमधला ड्रायव्हर कसला आहे?"

आपल्या घरी येणारी वीज ही एकाच दिशेने वाहणारी नसते. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे अशी पूर्ण हेलकावते. एका हेलकाव्यात दोन वेळा तिचा जोर शिखरावर जातो आणि दोन वेळा शून्यावर येतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा विजेचा जोर क्षणभर संपतो. मग दिवा १०० वेळा विझत का नाही?

जुन्या पिवळ्या बल्बचे उत्तर सोपे आहे. त्यातली तार तापून प्रकाश देते. चुलीवरचा तवा खालचा जाळ क्षणभर मंद झाला म्हणून लगेच निवत नाही, तशीच ती तारही त्या अत्यल्प वेळात निवत नाही. उजेड थोडासा खाली-वर होतो, इतकेच. एलईडीची गोष्ट वेगळी. तो उष्णतेने पेटत नाही. त्याच्यातून जितकी वीज जाईल तितका प्रकाश तो त्याच क्षणी देतो, आणि वीज थांबली की प्रकाशही थांबतो. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपले पांढरे एलईडी दिवे बहुधा याच निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप देऊन केलेले असतात. ते स्फुरद्रव्यही इतके चपळ असते की एका सेकंदाच्या शंभराव्या भागातला चढउतार त्याला झाकता येत नाही.

म्हणून एलईडीला मिळणारी वीजच सपाट करून द्यावी लागते. हे काम ड्रायव्हर नावाचा लहानसा मंडल करतो. तो प्रथम हेलकावणारी वीज एकाच दिशेची करतो. पण तेवढ्याने ती सपाट होत नाही. सेकंदाला १०० उंचवटे तसेच राहतात. मग तेथे कपॅसिटर बसवतात. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येते, पण घरातला बॅरल भरलेला असला की स्वयंपाकघरात रोज पाणी असते. कपॅसिटरचे काम त्या बॅरलसारखेच. जोर असताना तो भरतो आणि जोर ओसरला की साठवलेली वीज देतो. बॅरल पुरेसा मोठा असेल तर उजेड स्थिर राहतो. स्वस्त ट्यूबमध्ये हा बॅरल लहान असतो, किंवा मुळीच नसतो. शिवाय या कामासाठी वापरला जाणारा नेहमीचा कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकत जातो. त्यामुळे विकत आणताना बरा असलेला दिवाही पुढे थरथरू लागू शकतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. शेजारी मोटार सुरू झाली की दिवा क्षणभर दबतो, किंवा खराब झालेला दिवा फडफडतो, ती लुकलुक कोणालाही दिसते. अण्णांच्या तक्रारीतली सेकंदाला १०० वेळा होणारी थरथर दिव्याकडे नुसते पाहून दिसत नाही. म्हणूनच जॉबर हसला आणि मीही फसले.

डोळ्याला दिसत नाही, तर त्रास कसा?

उघडमीट पुरेशी जलद झाली की डोळा ती जोडून एकसंध उजेड पाहतो. ही सीमा माणसागणिक आणि उजेडागणिक बदलते, पण साधारणपणे सेकंदाला ५० ते ९० उघडमिटींच्या दरम्यान ती संपते. १०० हा आकडा तिच्या पलीकडचा आहे. मग प्रश्न संपायला हवा. तो संपत नाही, याची कारणे दोन.

पहिले कारण हलणाऱ्या वस्तूचे. समजा धोटा सेकंदाला १० मीटर वेगाने धावतो आहे. दिव्याचे दोन झोत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने पडतात. तेवढ्या वेळात धोटा १० सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे मीटरभर रुंदीच्या कापडावरून जाताना तो दहा ठिकाणी उजळतो आणि मधे मधे अंधारात जातो. हे गणित मी वहीत मांडले आणि उत्तर दहा आले, तेव्हा मला अण्णांचे "धा-धा धोटं" आठवले. मी पेन खाली ठेवले.

चाकांच्या बाबतीत तर धोकाच असतो. समजा एखाद्या चाकाला ५० दाते आहेत आणि ते मिनिटाला १२० फेरे, म्हणजे सेकंदाला २ फेरे घेते. सेकंदाला बरोबर १०० दाते एका जागेवरून जातात. प्रत्येक झोताच्या वेळी एका दात्याच्या जागी दुसरा दाता आलेला असतो, आणि फिरते चाक थांबल्यासारखे दिसते. फिरत्या यंत्राला थांबलेले समजून हात लावणे म्हणजे काय, हे कारखान्यातल्या माणसांना सांगायला नको.

दुसरे कारण असे की दिवा आणि वस्तू स्थिर असली तरी आपले डोळे स्थिर नसतात. वाचताना ते सेकंदाला काही वेळा एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी घेतात. त्या उडीच्या वेळी थरथरणारा बारीक ठिपका एका रेषेऐवजी ठिपक्यांच्या माळेसारखा उमटतो. काही गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांवरून रात्री नजर झटकन फिरवली तर अशी माळ दिसते. प्रयोगात माणसांना ती सेकंदाला हजाराहून अधिक उघडमिटींच्या दिव्यातही दिसलेली आहे. शिवाय डोळ्याच्या मागच्या पडद्याचे विद्युत संकेत मोजले असता ते १०० च्या वरच्या उघडमिटीलाही साथ देताना आढळले आहेत. थोडक्यात, जे आपल्याला 'दिसत' नाही ते डोळ्यात पोहोचत नाही असे नव्हे.

डोकेदुखीचे काय? १९८९ साली इंग्लंडमधील अर्नोल्ड विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयातील लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही काळ त्यांना सेकंदाला १०० वेळा थरथरणाऱ्या चोकच्या ट्यूबखाली आणि काही काळ शेकडो पटींनी जलद चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली काम करू दिले. दुसऱ्या प्रकारच्या उजेडात डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. मात्र हा त्रास सर्वांना सारखा होत नाही. काहींना मुळीच होत नाही, तर काहींना फार होतो. जॉबरला होत नव्हता आणि अण्णांना होत होता, यात दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.

याहून मंद आणि ढळढळीत उघडमीट तर उघडच घातक ठरू शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा झळकला आणि ६८५ च्या आसपास मुलांना इस्पितळात न्यावे लागले. चांगल्या एलईडी दिव्यात अशी मंद उघडमीट नसते. पण 'प्रकाश बदलला म्हणून काय होते?' असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

घरच्या घरी पारख

आतेभावाने मला तीन परीक्षा शिकवल्या. पहिली पेन्सिलीची. बाकीचे दिवे बंद करून परीक्षेच्या दिव्याखाली पांढरी पेन्सिल झपाट्याने डावी-उजवीकडे हलवायची. उजेड स्थिर असेल तर पंख्यासारखा सलग पुसट पट्टा दिसतो. उजेड थरथरत असेल तर अनेक सुट्या पेन्सिली दिसतात.

दुसरी परीक्षा भोवऱ्याची. पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्यावर दहा काळ्या आणि दहा पांढऱ्या फाका रंगवायच्या आणि ती भोवऱ्यावर बसवायची. दिवसाच्या उजेडात फिरता भोवरा नुसता राखाडी दिसतो. थरथरत्या दिव्याखाली मात्र भोवरा मंदावत मंदावत सेकंदाला १० फेऱ्यांवर आला की फाका जागच्या जागी थांबतात. मग त्या उलट्या फिरू लागल्यासारख्या वाटतात. माझ्या धाकट्या भावाने हा खेळ दिवसभर केला.

तिसरी परीक्षा मोबाईलची. कॅमेरा दिव्याच्या अगदी जवळ धरला की पडद्यावर काळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, म्हणून असे होते. सेकंदाला २४० चित्रे घेणारी संथ चित्रफीत काढली तर उघडमीट आणखी स्पष्ट दिसते. पण मोबाईलवर पूर्ण विसंबू नये. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो. तो वेळ थरथरीच्या एका किंवा दोन पूर्ण आवर्तनांइतका झाला तर पट्टे गायब होतात आणि वाईट दिवाही निर्दोष ठरतो.

या तिन्ही परीक्षा 'आहे की नाही' एवढेच सांगतात. 'किती आहे' ते सांगत नाहीत. मालकांपुढे भोवरा ठेवता आला असता, पण आकडा असल्याशिवाय बोलणे मला बरे वाटेना. अण्णांनी कारखान्यातून एक नवी ट्यूब दोन दिवसांसाठी मागून आणली आणि आम्ही ती पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नेली.

मोजमाप

मोजण्याची कल्पना साधी आहे. प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा एक संवेदक घ्यायचा आणि त्याची वीज ऑसिलोस्कोपवर पाहायची. आम्ही एका मोडक्या खेळण्यातला लहान सौरघट वापरला. तेथील सरांनी चार सूचना दिल्या. त्या पाळल्या नाहीत तर आकडा फसवतो, म्हणून येथे देत आहे.

एक, सौरघटाच्या दोन टोकांमध्ये लहान मूल्याचा रोधक जोडावा. तो नसेल तर उजेड दुप्पट झाला तरी व्होल्टेज दुप्पट होत नाही आणि थरथर आहे त्यापेक्षा कमी दिसते. दोन, स्वयंचलित पथदिव्यांत वापरतात तो एलडीआर घेऊ नये. तो इतका सुस्त असतो की सेकंदाला १०० वेळा होणारा बदल त्याच्या लक्षातच येत नाही. तीन, ऑसिलोस्कोप 'डीसी' खुणेवर ठेवावा. 'एसी' खुणेवर स्थिर उजेडाचा भाग गाळला जातो, फक्त लाट उरते आणि एकूण उजेडात ती किती हे कळत नाही. चार, आधी संवेदक हाताने पूर्ण झाकून शून्याची रेघ कोठे आहे ते पाहून घ्यावे आणि खिडकीचा उजेड बंद करावा.

आम्ही तीन दिवे तपासले. कारखान्याच्या ट्यूबची लाट वर ६ घरांपर्यंत जाई आणि खाली १ घरापर्यंत येई. एका चांगल्या एलईडी ट्यूबची रेघ ४.२ आणि ४ यांच्यामध्ये जेमतेम हलत होती. जुना पिवळा बल्ब ५.५ आणि ४.५ यांच्यामध्ये होता.

आता हिशेब. सर्वांत प्रचलित माप टक्क्यांचे आहे. सर्वाधिक उजेडातून सर्वांत कमी उजेड वजा करायचा, त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे आणि १०० ने गुणायचे. कारखान्याच्या ट्यूबसाठी ६ वजा १ म्हणजे ५, भागिले ७, म्हणजे सुमारे ७१ टक्के. चांगल्या ट्यूबसाठी ०.२ भागिले ८.२, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. पिवळ्या बल्बसाठी १ भागिले १०, म्हणजे १० टक्के. पूर्ण स्थिर दिवा शून्य टक्के आणि पूर्ण विझून पेटणारा दिवा १०० टक्के.

७१ हा आकडा मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. अण्णांच्या तक्रारीला प्रथमच एक आकडा मिळाला होता.

आकड्याचा अर्थ काय?

पण नुसत्या टक्क्यांवर निवाडा देणे योग्य नव्हे. समजा दोन दिवे पूर्ण विझून पेटतात. पहिला अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद असतो. दुसरा एकदशांश वेळ प्रखर पेटतो आणि उरलेला सारा वेळ बंद असतो. दोघांचे टक्के शंभरच, पण दुसऱ्याचा झोत अधिक तीक्ष्ण आहे. हा फरक पकडण्यासाठी दुसरे एक माप आहे. लाटेच्या आलेखात सरासरी उजेडाच्या रेघेवर जेवढे क्षेत्रफळ येते त्याला एकूण क्षेत्रफळाने भागायचे. याला थरथरीचा निर्देशांक म्हणू. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. वरच्या उदाहरणात पहिल्या दिव्याचा ०.५ आणि दुसऱ्याचा ०.९ येतो.

या दोन्ही मापांत एक उणीव राहतेच. उघडमीट सेकंदाला किती वेळा होते, हे त्यांत येत नाही. ७० टक्के थरथर सेकंदाला १०० वेळा होणे आणि २०,००० वेळा होणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पुढची मापे निघाली.

विद्युत अभियंत्यांच्या 'आयट्रिपलई' या जागतिक संस्थेने २०१५ साली १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. तिचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. थरथर सेकंदाला ९० ते १,२५० वेळा होत असेल तर त्या संख्येला ०.०८ ने गुणावे. येईल तितके टक्के ही कमी जोखमीची मर्यादा. आपल्या १०० च्या थरथरीसाठी ती ८ टक्के होते. १,२५० च्या पुढे ही मर्यादा राहत नाही. जोखीम जवळजवळ नकोच असेल तर ०.०८ ऐवजी ०.०३३३ ने गुणावे, म्हणजे १०० साठी ३.३ टक्के. या कसोटीवर चांगली ट्यूब दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होते. कारखान्याची ट्यूब कमी जोखमीच्या मर्यादेच्या जवळजवळ नऊपट आहे. आमचा पिवळा बल्बही १० टक्के असल्याने थोडक्यात नापास होतो! पिढ्यान् पिढ्या वापरलेला दिवा नापास व्हावा, यावरून ही शिफारस फार कडक असल्याची टीका झाली आहे.

युरोपीय संघाने कायदा करताना वेगळी मापे निवडली. त्यांपैकी पहिले 'पीएसटी' हे डोळ्याला दिसणाऱ्या, सेकंदाला ८० च्या आतल्या लुकलुकीचे माप आहे. अशा लुकलुकीला डोळा सेकंदाला ९ च्या आसपास सर्वांत संवेदनशील असतो. दुसरे 'एसव्हीएम' हे ८० ते २,००० च्या दरम्यानच्या थरथरीत हलत्या वस्तू तुटक दिसण्याचे माप आहे. दोन्ही मापांत १ म्हणजे जाणवण्याचा उंबरठा. सरासरी माणसाला तो परिणाम निम्म्या वेळा जाणवेल आणि निम्म्या वेळा जाणवणार नाही, अशी ती जागा. मानसशास्त्राच्या पुस्तकातला 'संवेदनाचा उंबरठा' मला येथे अचानक भेटला आणि आपला विषय कारखान्यातही उपयोगी आहे हे पाहून फार बरे वाटले.

युरोपात १ सप्टेंबर २०२१ पासून एलईडी दिव्यांचे पीएसटी १ च्या आत असावे लागते. एसव्हीएमची मर्यादा प्रथम ०.९ होती, ती १ सप्टेंबर २०२४ पासून ०.४ झाली. सेकंदाला १०० वेळा होणाऱ्या साध्या, गुळगुळीत लाटेसाठी २५ टक्क्यांच्या आसपास थरथर म्हणजे एसव्हीएम १, असा ढोबळ हिशेब आहे. त्यावरून पिवळा बल्ब ०.४ च्या जवळपास येतो. कारखान्याची ट्यूब पावणेतीनच्या घरात जाते. लाट गुळगुळीत नसेल तर आकडा थोडा बदलेल, पण निकाल बदलणार नाही.

या मापालाही मर्यादा आहे. ते कार्यालये आणि घरे डोळ्यांपुढे ठेवून, सेकंदाला ४ मीटरपर्यंतच्या मध्यम हालचालींसाठी केलेले आहे. वेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात त्याच्यावर विसंबून चालत नाही. आपला धोटा त्याच्या कक्षेबाहेर जातो. तात्पर्य, दिव्याची परीक्षा एकाच आकड्याने होत नाही. थरथर किती खोल, सेकंदाला किती वेळा, आणि त्या उजेडात माणूस कोणते काम करणार, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

आपल्याकडे दिव्याच्या खोक्यावर वॉट असतात, ल्युमेन असतात आणि तारे असतात. ते तारे एका वॉटमागे किती उजेड मिळतो यावर ठरतात. ते विजेची बचत सांगतात, उजेडाचा स्वभाव सांगत नाहीत. जास्त ताऱ्यांचा दिवा थरथरणारा असू शकतो. मी आमच्या बाजारपेठेतल्या चार दुकानांत खोकी उलटून पाहिली. दोहोंवर 'फ्लिकर-फ्री' असे छापले होते, पण किती टक्के किंवा कोणत्या मापाने, ते कोठेही नव्हते. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. त्यामुळे विजेची मोठी बचत झाली, हे खरेच. ज्या दिव्याखाली एवढा मोठा देश वाचतो, शिवतो, विणतो, त्याच्या खोक्यावर थरथरीचाही एक आकडा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुढे काय झाले?

पाळी बदलण्याच्या वेळी मी अण्णांबरोबर कारखान्यात गेले. हातात वही आणि भोवरा. मालकांना आधी भोवरा दाखवला. त्यांनी तो स्वतः तीनदा फिरवला. फाका थांबल्या. मग दारात, संध्याकाळच्या उजेडात फिरवला. फाका थांबल्या नाहीत. त्यानंतर ७१ आणि अडीच हे दोन आकडे दाखवले. ते बराच वेळ वही पाहत राहिले. सगळ्या ट्यूब बदलायच्या तर खर्च मोठा, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

तेव्हा आतेभावाने सांगितलेला जुना उपाय मी मांडला. चोकच्या ट्यूबच्या काळात गिरण्यांमधून शेजारशेजारच्या ट्यूब तीन वेगवेगळ्या फेजवर वाटत असत. तिन्ही फेजची शिखरे एकाच वेळी येत नाहीत. एक ट्यूब मंद होते तेव्हा दुसरी चढत असते, आणि मागावर पडणारा एकत्र उजेड बराचसा सपाट होतो. आमच्या कारखान्यात तीन फेज होत्याच. एलईडी बसवताना सोयीसाठी सगळ्या ट्यूब एकाच फेजवर घेतल्या गेल्या होत्या. ही वाटणी मात्र परवानाधारक वायरमननेच करावी, कारण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो.

पुढच्या आठवड्यात वायरमन आला आणि ट्यूब तीन फेजवर वाटून गेला. अण्णांच्या चार मागांवर चांगल्या ट्यूबही बसल्या. बाकीच्या 'जळतील तशा बदलू' असे ठरले. त्या अजून जळलेल्या नाहीत.

अण्णांचे खाडे थांबले आहेत. डोके अजून कधीमधी दुखते, पण रात्रपाळीला कोणाचे दुखत नाही? एका माणसाच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला आता कळते, म्हणून मी त्यावर अधिक काही म्हणत नाही. फक्त त्या रात्री मी त्यांना म्हणाले, "अण्णा, तुमचं खरं होतं. तो भास नव्हता."

जेवता जेवता त्यांनी मान वर केली. "मग मी काय सांगत होतो?" एवढेच म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.